भाव कुठवर आला होता?

प्रति,
नगर पथविक्रेता समिती, बृहन्मुंबई
(शिखर समिती आणि सातही परिमंडळ समित्यांचे आजचे, उद्याचे आणि इच्छुक सदस्य)

विषय : एका नसलेल्या खुर्चीबाबत

सप्रेम नमस्कार.

मी फेरीवाली नाही. माझं दुकान नाही, नवऱ्याचंही नाही. कुठल्या संघटनेची पावती फाडलेली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीशी माझं पार्किंगवरून वाकडं आहे, त्यामुळे रहिवासी संघाच्या वतीनेही मी लिहीत नाही. फोर्टातल्या एका विमा कचेरीत ३४ वर्षं नोकरी केली, डोंबिवलीहून जाऊन-येऊन. ती ३४ वर्षं, आणि त्याआधी गिरगावात आईचं बोट धरून हिंडले ती वर्षं, मी या शहराच्या रस्त्यांवर भाव करत आले. चपलांचा, गाउनांचा, टिकल्यांचा, गवारीचा, पडद्यांच्या कापडाचा, एकदा तर वापरलेल्या शिवणयंत्राचा. तुम्हाला पत्र लिहायला एवढी पात्रता पुरे, असं धरून चालते.

निवृत्तीनंतर माणूस काय वाचेल याचा नेम नाही. मी २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचला. त्यात तुमच्या समितीवर कोण कोण असावं ते लिहिलंय. आयुक्त अध्यक्ष. किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या विक्रेत्यांच्या, त्यातल्या एकतृतीयांश बायकांच्या. हे वाचून मला बरं वाटलं. मग पालिकेचे अधिकारी, आरोग्य खात्याचे डॉक्टर, पोलीस, वाहतूक पोलीस, नियोजनवाले, व्यापारी संघ, स्वयंसेवी संस्था, रहिवासी संघ, आणि शेवटी बँक. बँकेलाही खुर्ची आहे! मी यादी दोनदा वाचली, चष्मा पुसून. जिच्या पर्समधून हा सगळा गाडा चालतो, ती त्यात कुठेच नव्हती.

रहिवासी म्हणजेच गिऱ्हाईक की, असं कोणी म्हणेल. तसं नाही. दादरला रानडे रोडवर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला खालचा गलका नको असतो, आणि त्याचं चूक नाही. रात्री दहाला खाली लोखंडी कॉट ओढण्याचा आवाज मीही ऐकलाय. पण त्या गलक्यात उभ्या असलेल्या बायका डोंबिवलीच्या, विरारच्या, गोवंडीच्या, सातरस्त्याच्या असतात. त्या तिथे राहत नाहीत. तिथून जातात. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे : आमचा बाजार जागेवर भरत नाही, वाटेवर भरतो. तुमच्याकडे जागांचे नकाशे आहेत. वाटांचा नकाशा आमच्या पायांत आहे.

आता ही वाट कशी असते ते सांगते. पावणेसहाला कचेरी सुटायची. जलद गाडी गाठायची तर मध्ये वेळ असा नाहीच. तरी त्या वेळात घरातली अर्धी खरेदी व्हायची, कारण माल आमच्या रस्त्यात उभा असायचा. हुतात्मा चौकाकडून स्टेशनकडे येताना रुमाल आणि पेनं. गाडीत बायकांच्या डब्यात कानातले आणि केसांच्या क्लिपा, त्या मोठ्या रिंगला अडकवलेल्या, जिच्या ओझ्याने विकणारीचा खांदा एका बाजूला कललेला. (रेल्वेच्या जागेला आणि गाड्यांना तुमचा कायदा लागू नाही, हे त्यातच लिहिलंय. त्यामुळे क्लिपवाल्या पोरी तुमच्याही नाहीत आणि कोणाच्याच नाहीत.) आणि उतरल्यावर स्टेशनबाहेर निवडलेला पालक, सोललेला लसूण, मोड आलेली मटकी. या तीन वस्तूंवर माझ्या पिढीच्या किती बायकांच्या नोकऱ्या टिकल्या, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. डोंबिवली तुमच्या हद्दीत येत नाही, मला माहीत आहे. पण ती बाई भायखळ्याच्या मंडईतून माल उचलत असे, तेव्हा थोडी तुमचीही होती.

पगार झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी मात्र मी दादरला मुद्दाम उतरायची. पूल ओलांडून पश्चिमेला. समोर केशवसुत उड्डाणपूल, त्याच्याखाली आणि सेनापती बापट मार्गावर फुलं-भाजी, पुढे कबुतरखान्याकडून रानडे रोड, मागे छबिलदासची गल्ली. या टापूत नवीन संसार उभा राहू शकतो, आणि लग्नाचा बस्ता सोडला तर लग्नही. बस्त्याला पूर्वेला हिंदमाता.

तुमच्यापैकी ज्यांनी कधी भाव केला नसेल, त्यांच्यासाठी थोडं. आईचं सूत्र होतं, अर्ध्यात मागायचं, पाऊणात घ्यायचं. ती शिकली बोहारणींकडून. चाळीच्या दारात बोहारीण टोपली टेकवायची आणि दोन जुन्या पँटी, एक विरलेली साडी यांच्यावर स्टीलचा डबा मागायला तास लागायचा. पदर डोक्यावरून सारखा करत बोहारीण दोनदा उठून जिना उतरायची. आई हाक मारायची नाही. तिसऱ्या वेळी बोहारीणच खालून विचारायची, “झबलं टाकतेस का वर?” झबलं पडायचं, डबा यायचा. पैसा कुठेच नसताना झालेला तो व्यवहार मी इतका पाहिला, की पुढे कचेरीत प्रीमियमचे तक्ते भरताना मला किंमत या गोष्टीचं कधी गूढ वाटलं नाही. दोघांनाही उठून जाता येतं आणि दोघंही जात नाहीत, तिथे जी थांबते ती किंमत.

बाकी नियम प्रत्येकीचे. हवी ती वस्तू आधी हातात घ्यायची नाही. शेजारचीचा भाव विचारायचा. मैत्रीण बरोबर असेल तर तिने “राहू दे गं, घरी आहे तसलंच” म्हणायचं. सकाळी दुकान लागतालागता गेलं तर भवानी होत नाही तोवर तो तुम्हाला सोडत नाही. पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा कपाळाला लावायचा असतो, त्यासाठी तो पडतं घेतो. मात्र भवानीच्या वेळी भाव करून न घेता निघून जाणं हे वाईट. ते मी एकदा केलं होतं आणि त्या माणसाने नुसतं बघितलं. पुन्हा नाही केलं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी झेंडूला हात लावू देत नाहीत आणि दसऱ्याच्या दुपारी तोच झेंडू ढिगाने पडलेला असतो. ज्याला तोरण सकाळीच लावायचंय त्याने आदल्या दिवसाचा भाव द्यावा, त्यात फसवणूक कसली?

दर दोन महिन्यांनी मला मोबाइलवर एक संदेश येतो : मॉलमध्ये तुम्ही निमूट पैसे देता आणि गरिबाशी दहा रुपयांसाठी घासाघीस करता, लाज वाटत नाही का? ज्याने कोणी तो लिहिला त्याने रस्त्यावर कधी काही विकत घेतलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. चारशे सांगितलेल्या पर्सचे चारशे काढून दिलेत तर विकणाऱ्याला आनंद होत नाही, चुकचुकतं. आपण पाचशे सांगायला हवे होते, असं त्याला रात्रभर वाटतं. घासाघीस म्हणजे दया नव्हे आणि जुलूमही नव्हे. तो मला गिऱ्हाईक मानतो, मी त्याला व्यापारी मानते. गरीब बिचारा म्हणून जास्तीचे दहा रुपये टेकवून मी निघाले तर त्याचं व्यापारीपण मी काढून घेते. अर्थात याला अपवाद आहेत. पावसात, रात्री नऊला, टोपलीत शेवटच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या म्हातारीशी भाव करणारीला मी ओळख दाखवत नाही.

आणि दोनशेच्या कुर्तीत काय काय आलेलं असतं तेही बघा. कापड भिवंडीच्या मागावरचं किंवा सुरतेचं. जीन्स असेल तर उल्हासनगर. टीशर्ट तिरुपूरहून आलेला, निर्यातीच्या ऑर्डरीतून उरलेला, गळ्यामागची खूण कापलेली. पर्स धारावीची, चप्पल ठक्कर बाप्पा कॉलनीतली, गळ्यातलं मालाडच्या एखाद्या खोलीत बसून बायकांनी ओवलेलं. शुक्रवारी पहाटे कामाठीपुऱ्याकडे दीड गल्लीत बुटांचा बाजार भरतो, उजाडल्यावर काही तासांत उठतो. तिथे जुने बूट धुऊन-पुसून नवा जन्म घेतात. माझ्या मुलाचे कॉलेजचे पहिले स्पोर्ट शूज तिथले होते, हे त्याला त्याच्या लग्नानंतर सांगितलं. या सगळ्या मालाला मुंबईत भाड्याचं दुकान परवडत नाही. रस्ता काढून टाकलात तर नुसता फेरीवाला जात नाही, ही सगळी गावं एक-एक गिऱ्हाईक हरवतात.

तरी भाव महाग पडतो तो कुठे, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

एका स्टेशनाबाहेर, कुठल्या ते सांगत नाही, मी पर्स घेतली. साडेतीनशे सांगितले, दोनशे ऐंशीला तोडली. पहिल्याच दिवशी चेन निसटली. दुसऱ्या दिवशी परत करायला गेले तर जागा मोकळी, फरशीवर नुसता चौकोनी कोरडा डाग, कारण बाकीचा फुटपाथ पावसाने ओला होता आणि ताडपत्री नुकती उचललेली. शेजारची लिंबंवाली म्हणाली, “पालिकेची गाडी आली दुपारी. माल सोडवायला गेलाय. आठ दिस नाही यायचा.” कायद्यात लिहिलंय की माल उचलला तर यादी द्यायची, मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा. आठ दिवस का लागतात ते तिला माहीत नव्हतं, मलाही नाही. माझी पर्स तशीच राहिली, सेफ्टी पिन लावून वर्षभर वापरली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याने साडेतीनशे सांगितले होते त्यात पर्स किती रुपयांची होती? काही रुपये गाडीचे होते. काही, नाव न घेता सांगायचं तर, गाडी येऊ नये म्हणून द्यायचे. काही, आठ दिवस माल अडकला तर घरात चूल पेटावी म्हणून बाजूला काढायचे. म्हणजे मी जी घासाघीस करत होते ती पर्सच्या किमतीवर नव्हतीच. उद्या तो तिथे असेल की नाही, या धास्तीवर आम्ही दोघं भांडत होतो.

फॅशन स्ट्रीटला तर नंबराचे स्टॉल आहेत, तिथे काय धास्ती, आणि तिथे तर तिप्पट सांगतात, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. तिथे विक्रेता जागच्या जागी असतो, पण गिऱ्हाईक उडतं. पर्यटक एकदा येतो, कॉलेजची मुलं महिन्याने. कुलाबा कॉजवेला तेच. आता माझी स्टेशनवरची गवारवाली घ्या. ती चाळीस सांगते, मी पस्तीस म्हणते, ती मूठभर कोथिंबीर टाकते आणि चाळीसच घेते. पाच रुपयांचा खेळ. कारण उद्या पुन्हा मी, पुन्हा ती. उद्या भेटणार असलेल्या माणसाला कोणी तिप्पट सांगत नाही. रस्त्यावरचा भाव खरा व्हायचा असेल तर विकणारा तिथे उद्या असला पाहिजे आणि घेणारीही उद्या तिथून गेली पाहिजे. तुमच्या हातात पहिली गोष्ट आहे. दुसरी तुम्ही फक्त बिघडवू शकता.

कशी, ते सांगते. तुम्ही रस्त्यावर एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखता. कुठे जागा रुंद, कुठे रहदारी कमी, कुठे कोणी तक्रार करणार नाही, असं बघून. म्हणजे नेमकी अशी जागा जिथून कोणी जात नाही. फेरीवाल्याला चौकोन मिळतो आणि गिऱ्हाईक मिळत नाही. तो आठवडाभर माश्या मारतो आणि पुन्हा आमच्या वाटेवर येऊन बसतो. मग तुम्ही म्हणता, यांना जागा दिली तरी हे ऐकत नाहीत. दादरला फेरीवाल्यांसाठी अख्खी इमारत आहे, हॉकर्स प्लाझा. मी जाते तिथे, पण जाते म्हणून जाते. हातात दोन पिशव्या, गुडघे माझ्या वयाचे आणि गाडी सहा वाजून काही मिनिटांची, अशा बाईच्या वाटेत जिना येत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून मी तुमच्याकडे खुर्ची मागू शकत नाही. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मी त्या दिवशी कचेरीत होते आणि शेजारच्या टेबलावरची बाई परळला उतरून येणारी होती. ती अकरा वाजून गेल्यावर आली, कारण तिची गाडी चुकली होती. तोवरचा पाऊण तास मी विसरलेली नाही. पाऊस होता, पूल अरुंद होता, गर्दी होती. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनांपासून १५० मीटर आणि शाळा, दवाखाने, देवळांपासून १०० मीटरपर्यंत फेरीवाले नकोत, हे ठामपणे सांगितलं. पट्टे मारले गेले.

मी त्या आदेशाशी भांडत नाही. जिन्याच्या तोंडाशी मांडलेली टोपली मला स्वतःला नको आहे. तिथे कोणी मोबाइलची कव्हरं लावून उभा राहिला तर मीच त्याच्यावर खेकसते. चालायला जागा ही माझी पहिली मागणी, स्वस्त कुर्ती दुसरी. पण १५० मीटर म्हणजे माझ्या चालीने दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांनंतर काय, हे कोणी ठरवलंच नाही. पट्ट्याच्या पलीकडे, वाटेवरच, रस्त्याच्या एकाच बाजूला, चार माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी फरशी सोडून, नंबर लावून बसवलं असतं तर मी पट्ट्याच्या आत कोणाकडून दोरासुद्धा घेतला नसता. आमच्या बायकांनी आत बसलेल्याला उठवलं असतं. पोलिसापेक्षा गिऱ्हाइकाचा बहिष्कार लवकर लागू पडतो. कायद्यात वेळ वाटून घेऊन विक्री करण्याचीही सोय आहे. सकाळी दुधा-फुलांचा, दुपारी मोकळा, संध्याकाळी पाच ते साडेनऊ आमचा, असा रस्ता होऊ शकतो. रस्ता आत्ताही तसाच वागतो, फक्त लिहिलेलं नाही.

आकड्यांबद्दल थोडं बोलते, विमेवाली आहे. कायदा म्हणतो, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत सर्वेक्षणात आढळलेल्यांना सामावून घ्या. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या आसपास; म्हणजे मर्यादा तीन लाखांच्या वर जाते. २०१४ च्या सर्वेक्षणात भरून आलेले अर्ज ९९ हजारांच्या घरात. अधिवासाच्या आणि बाकीच्या चाळण्यांतून पात्र ठरले ते ३२ हजारांच्या आसपास. नवे परवाने देणं तर १९७८ च्या सुमारासच थांबलेलं. उरलेले कुठे गेले? कुठेही नाही. तिथेच आहेत. मी काल त्यांच्याकडून लसूण घेतला. परवाना नाही म्हणून माणूस नाहीसा होत नाही, फक्त त्याचा भाव वाढतो, आणि तो मी देते. कोण मूळचं इथलं, कोण बाहेरचं, हा वाद मोठी माणसं करतात. त्यात मी पडत नाही, एवढंच सांगते की माझ्याशी “ताई, लास्ट भाव” असं मराठीत बोलणारी निम्मी पोरं शिकून बोलतात, आणि माझ्याकडून शिकलेली आहेत.

फेरीवाला हा शब्दही मला खटकतो. फेरी मारणारा तो फेरीवाला. माझी गवारवाली बावीस वर्षं एका खांबाला टेकून बसली आहे. फेरी मी मारते.

मोबाइलवरून पैसे द्यायला लागल्यापासून एक गंमत झाली. पूर्वी पर्स उघडून दाखवायची, “एवढेच आहेत बघ, रिटर्न तिकीट काढायचंय”; हे हुकमी पान होतं. सुट्टे नाहीत हे त्याचं पान होतं. दोन्ही पानं गेली. पण पहिल्यांदा गवारवालीचा कोड स्कॅन केला आणि स्क्रीनवर तिचं पूर्ण नाव उमटलं. बावीस वर्षं मी तिला मावशी म्हणत होते, ती मला मॅडम. नाव वाचून मी थबकले तर ती म्हणाली, “काय झालं, पैसे नाही गेले का?” २०२० साली केंद्राची स्वनिधी योजना आली, तेव्हा फेरीवाल्यांना पहिलं कर्ज दहा हजारांचं मिळायचं. तिने घेतलं आणि फेडलं, मग पुढचं घेतलं. म्हणजे बँकेला ती ठाऊक आहे, मोबाइल कंपनीला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. फक्त ज्या फरशीवर ती बसते त्या फरशीच्या मालकाच्या वहीत ती नाही.

कायद्यात मी कुठेच नाही म्हटलं, ते थोडं चुकलं. एका व्याख्येत सापडले. नैसर्गिक बाजार म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने एकत्र जमतात ती जागा, असं त्यात आहे. पन्नास वर्षांहून जुना असा बाजार वारसा म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही आहे. वारसा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर क्रॉफर्ड मार्केटचा १८६९ चा मनोरा येत असेल. सुंदरच आहे तो. पण त्या मनोऱ्याच्या सावलीत, बाहेर, चाळणी आणि किसणी विकणाऱ्यांच्या रांगा पन्नास वर्षांच्या झाल्या की नाहीत, हे विचारायला तुम्ही कोणाकडे जाणार? त्यांच्याकडे कागद नाहीत. माझ्याकडे किसणी आहे. आईने घेतली तेव्हा मी तिसरीत होते, आणि भाव काय झाला तेही मला आठवतं.

म्हणून खुर्ची मागते. कायद्याने नाही ठेवली तर निमंत्रित म्हणून ठेवा, मत नको. एकच खुर्ची, तीही गाडीने ये-जा करणाऱ्या बाईची. संघटनेची प्रतिनिधी नको. कचेरीतली, दवाखान्यातली, घरकाम करणारी, कोणीही, जी रोज एका स्टेशनावर उतरते आणि हातात पिशवी धरून चालते. दरवर्षी बदला. तिचं काम एवढंच : जिथे चौकोन आखणार असाल तिथे तुम्हाला संध्याकाळी सात वाजता घेऊन जायचं आणि अर्धा तास उभं करायचं. सकाळी अकराला पाहणी करू नका. अकराला मुंबईतला प्रत्येक रस्ता बाजारासाठी योग्य दिसतो. बैठकही अकराला ठेवू नका. अकराला ती कामावर असते.

आणखी एक, मग संपवते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची संध्याकाळ. मी एका पोराकडे कुर्ती बघत होते. निळी, बाहीला पांढरी कड. त्याने अडीचशे सांगितले, मी दीडशे. भाव चालू होता. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून शिट्टी आली आणि रस्ताभर एकच शब्द फिरला, गाडी. चाळीस सेकंदांत तिथे काही नव्हतं. ताडपत्रीची चार टोकं एका हातात, बोचकं डोक्यावर, पोरगा गल्लीत गायब. कुर्ती माझ्या हातात. मी पैसे दिलेले नव्हते. गाडी आली, एक हातगाडी आणि दोन वजनकाटे उचलून गेली. मी कुर्ती पिशवीत टाकली नाही, हातावर धरून उभी राहिले, चोर वाटू नये म्हणून. माझी लोकल गेली, त्यानंतरचीही गेली. वीसेक मिनिटांनी तो आला. घामाने निथळत, बोचकं पाठीवर. मला तिथेच उभी बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. ताडपत्री अंथरता-अंथरता त्याने सहज विचारलं, “मावशी, भाव कुठवर आला होता?”

मी म्हटलं, दोनशे.

त्याने मान हलवली, पैसे घेतले, पिशवी दिली.

भाव दोनशे वीसवर आला होता. दोनशे मी म्हणत होते, तो अजून उतरला नव्हता. मी त्याचे वीस रुपये देणं लागते. कुर्ती केव्हाच फाटली, तिचं फरशी पुसायचं फडकंही झिजून गेलं. त्या जागेवर आता तो नसतो; शेजारच्यांना विचारलं, कोणी कुर्ल्याला म्हणालं, कोणी गावी. त्याचं नाव मला माहीत नाही, तेव्हा स्कॅन करायची सोय नव्हती. उंच, डाव्या भुवईवर व्रण, “मावशी” म्हणताना शेवटचा स्वर लांबवणारा. तुमच्या सर्वेक्षणाच्या ९९ हजार अर्जांत असा कोणी असेल तर कृपया कळवा.

आपली,
एक गिऱ्हाईक
डोंबिवली (पूर्व)